बोहनीची पावती

काट्यावर लागून मले दोनच महिने झाले होते, अन् कम्प्युटर अडकाले लागला.

खामगावच्या बाजूले एक जिनिंग आहे, तिच्या गेटपाशी काचेची केबिन, तिथी मी बसतो. काम लय मोठं नाही. कापसानं भरलेला ट्रॅक्टर नाही तं टेम्पो येते, लोखंडाच्या पाट्यावर उभा राह्यते, खांबावरचे दोन कॅमेरे त्याचा फोटो काढतात, मी वजन घेतो. मंग गाडी अंदर जाऊन कापूस खाली करते, रिकामी होऊन परत येते, परत वजन, अन् पावती निघते. मी दहावीत गनितात राह्यली, मंग तीन महिन्याचा कम्प्युटरचा क्लास केला, तेवढ्यावर हे काम भेटलं. पन मी या कामाले चिपकून होती ते कम्प्युटरसाठी नाही. शेठनं मले लेकरू संगं आनू देल्लं होतं, त्याच्यासाठी.

अकरा महिन्याची पोर. तिचा बाप ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस घरी नाही. माहेर मेहकरकडे, तिथी माय सोताच दम्यानं बसून. याच्या आधी मी पापडाच्या कामाले जाय, पोरीले शेजारनीपाशी ठेवून, अन् एक दिवस घरी आली तं शेजारीन टीव्ही पाहून राह्यली होती अन् माह्या पोरीच्या तोंडात कपडे धुवाचा सोडा. ओठ सोलून गेलते. चार दिवस ते अंगावर पेली नाही, निस्ती माह्याकडे पाहे. तवापासून मी तिले नजरेआड करतच नाही, न्हाणीत गेली तरी दार उघडं ठेवतो. केबिनमंदी खिडकीच्या गजाले अन् टेबलाच्या पायाले जुनं लुगडं बांधून झोका केला होता, प्रिंटर खरखर वाजला का ते झोपून जाय. असं दुसरीकडे कोन ठेवू देते? कापडाच्या दुकानवाल्यानं तं तोंडावर सांगतलं होतं, पोर घरी ठेव, मंग ये.

म्हनून कम्प्युटर पहिल्यांदा अडकला तवा म्या पहिले झोक्याकडेच पाह्यलं.

सकाळी तो चांगला पळे. मी सातले येऊन केबिन झाडो, मोठे शेठजी, म्हंजे शेठचे वडील, काठी टेकत येत, लक्ष्मीच्या फोटोले उदबत्ती लावत, पडद्याच्या कोपऱ्याले हळद-कुकू लावत, मंग पहिली गाडी काट्यावर घेत, तिची बोहनीची पावती निघाली का तिले हात जोडत अन् घरी जात. रोजचं होतं हे. दहापर्यंत काही तकलीफ नाही. मंग आस्ते आस्ते तो जड होत जाय. बटन दाबलं का निस्तं गोल फिरत राहे, फोटो अर्धाच ये, अन् मंग एकदम सारं थिजून जाय. माउस हालवा, काही करा, काहीच नाही. बंद करून चालू कराले अर्धा घंटा जाय, अन् बाहेर ट्रॅक्टरची लाइन पार रोडपर्यंत.

"काय वं ताई, मशीन बी झोक्यात टाकली का तुनं?" एक ट्रॅक्टरवाला खिडकीत डोकं घालून म्हने.

"अबे हळू बोल," त्याच्या मागचा म्हने, "लेकरू उठन. मशीन तं उठतच नाही."

ते हासत. मले हासू ये ना. मी हात जोडून म्हनो, दादा, पाच मिनिट, पाचच मिनिट.

पहिले वाटलं ऊन लागते त्याले, म्हनून खिडकीले पोतं टांगलं. मंग वाटलं उंदरानं वायर कातरली, टेबलाखाली लेटून सारे वायर हातानं चाचपले. मंग वाटलं सरकीची धूळ अंदर गेली, फडकं घेऊन पुसलं. मंग वाटलं मीच काहीतरी दाबून राह्यली, म्हनून बोटं मोजून मोजून दाबो, एक, दोन, तीन. रोज दुपारी तेच. कधी बाराले, कधी दोनले, कधी चारले.

मंग एक दिवस लय वाईट झालं. एका म्हाताऱ्याची गाडी भरलेली मोजली, ते अंदर जाऊन खाली झाली, अन् तेवढ्यात कम्प्युटर अडकला. चालू करून पाह्यलं तं त्याचं भरतीचं वजनच नाही. कापूस तं ढिगात मिसळून गेलता. म्हातारा ओरडला नाही, तो केबिनच्या पायरीवर बसला अन् म्हने, "बाई, माहा कापूस गेला कुठी, एवढं सांग." मोठे शेठजी मधात पडले, त्याच्याच दुसऱ्या गाडीच्या अंदाजानं निपटवलं. पन शेठ संध्याकाळी केबिनमंदी आले, झोक्याकडे पाह्यलं, मंग माह्याकडे.

"हाच प्रोग्राम बाकी चौदा काट्यांवर चालते, बाई. मी फोन करून इचारलं. एकाही जागी अडकत नाही. मंग आपल्याच इथी काऊन अडकते?"

मी म्हनलं, "मले नाही माहीत, शेठजी."

"मले माहीत आहे. हे लेकरू पायानं वायर ओढते. नाही तं तुमचं ध्यान तिच्याकडे राह्यते अन् हात भलतीकडे." ते वाईट नव्हते बोलून राह्यले, थकल्यावानी बोलून राह्यले, त्याचंच मले जास्त भेव वाटलं. "शनिवारपर्यंत पाहातो. अडकला तं सोमवारी दुसरा मानूस बसन. लोकांच्या मालाचा सवाल आहे."

तो सोमवारच होता. म्या वायर वर बांधले, छताले, पोरीच्या पायानं तं काय, माह्या हातानं बी लागत नव्हते. मंगळवारी एकले अडकला.

मंग म्या प्रोग्रामवाल्यांच्या नंबरवर फोन लावला. अकोल्यावरून एक दादा बोले. आवाज जराक थकेल, पन शेवटपर्यंत ऐकून घे.

"ताई, अडकायच्या आधी काय करता तुम्ही?"

"वजन घेतो."

"दुसरं काही उघडं असतं का? गाणी, व्हिडिओ, गेम?"

"देवाची शपथ दादा, काहीच नाही उघडं. मी मोबाइल बी झोक्याखाली ठेवतो."

त्यानं मले तीन बटनं संगं दाबाले सांगतलं. एक पाटी उघडली, तिच्यात कम्प्युटरमंदी जे जे चालू आहे त्याची नावं अन् पुढे कोन किती जागा खाऊन राह्यला त्याचा आकडा. दादा म्हने, काट्याच्या प्रोग्रामसमोरचा आकडा वाचा. म्या वाचला. म्हने, एक गाडी घ्या अन् परत वाचा. वाचला.

"ताई, वाढला ना?"

"हाव."

"वाढतोच तो, फोटो येतात ना. पण पावती निघाली की खाली यायला पाहिजे. येतो का?"

"नाही आला."

"मग हा जागा घेतोय आणि सोडत नाहीये. पोटभर झालं की अडकतो. पण तो का सोडत नाही, ते मला इथून दिसत नाही. आमच्याकडे चालवून पाहिलं, इथे बरोबर सोडतो. तुम्ही प्रत्येक गाडीनंतर आकडा लिहून ठेवा. सगळं लिहा. काहीतरी वेगळं सापडेल."

मले सापडवाचं होतं, मले, जिले गनितात पंधरा मार्क. पन कोनी दुसरं नव्हतंच. म्या खराब झालेल्या पावत्यांच्या मागं पेन्सिलनं लिहाले सुरुवात केली. गाडी, आकडा. सकाळी नव्वद. एक गाडी, एकशे आठ. दुसरी, एकशे सव्वीस. एका हातानं पोरीले पाजो, एका हातानं लिहो. ते पेन्सिल ओढे, मी तिच्या बोटातून सोडवो, तिचं रडनं सुरू, बाहेर हॉर्न सुरू. बुधवारी आकडा साडेचौदाशेच्या जवळ गेला अन् अडकला. म्या गाड्या मोजल्या. पंच्याहत्तर. मंगळवारच्या मोजल्या, पावतीच्या नंबरावरून. त्याबी तेवढ्याच. म्हंजे ऊन नव्हतं, टाइम नव्हता, उंदीर नव्हता. दिवाळीच्या आधी गाड्याच चाळीस येत, म्हनून तवा अडकलाच नाही. एवढं मले समजलं, अन् समजून काहीच झालं नाही, गाड्या कमी करा असं मी शेठले कशी सांगू?

चालू केल्यावर म्या पहिले बोहनीची पावती परत उघडली, रोजच्यासारखी, अन् पुढच्या गाडीले हात केला.

गुरुवारी मोठे शेठजी शेगावले दर्शनाले गेलते. पहिला टेम्पो आला, म्या वजन घेतलं, अन् तो अंदरून तसाच भरलेला परत आला. कापूस वला होता, घेतला नाही. "बोहनीलेच वापस करता राजेहो," असं पुटपुटत ड्रायव्हर निघून गेला. पावती रद्द करा लागली. रद्द पावती काय बोहनी म्हनून ठेवाची? म्हनून ठेवली नाही, अन् मोठे शेठजी बी नव्हते इचाराले.

त्या दिवशी आकडा वाढलाच नाही. एकशे आठ, परत नव्वद. एकशे आठ, परत नव्वद. मले वाटलं मीच चुकीची ओळ वाचून राह्यली. बोट लावून वाचली. तीच होती. शंभर गाड्या झाल्या, सव्वाशे झाल्या, कम्प्युटर पळतेच. संध्याकाळी शेठ खिडकीपाशी येऊन म्हने, "आज जमलं वाटते." म्या मान हालवली, पन मले जास्तच भेव वाटलं. बिमारी आपोआप गेली तं आपोआप येईन बी.

शुक्रवारी आली. दोनले. त्यातनी एक ट्रॅक्टरवाला मुद्दाम जोरानं म्हने, "सोमवारपासून नवीन मानूस येऊन राह्यला म्हनतात." म्हंजे गेटपर्यंत गोष्ट गेलती. म्या पोरीले उचललं अन् तिच्या डोक्यावर तोंड ठेवून तशीच उभी राह्यली, मशीन चालू होईपर्यंत, कोनी माहं तोंड पाहू नये म्हनून.

घरी गेली तं पोरीचा भात चुलीवर करपला, मी जमिनीवर पावत्या मांडून बसली होती. एकीकडे गुरुवार, एकीकडे शुक्रवार. तेच ड्रायव्हर, तेच टेम्पो. दादानं सांगतलं होतं, काहीतरी वेगळं सापडन. काय वेगळं? मोठे शेठजी नव्हते. उदबत्ती नव्हती. उदबत्तीनं कम्प्युटर अडकते का? मी उदबत्ती बी खोडली नाही, लिहून ठेवली. कॅमेरा तोच. जेवन तेच. पोर गुरुवारी कमी रडली, ते बी लिहिलं. अन् मंग गुरुवारच्या ढिगातून ते रद्द पावती वर आली, तिच्यावर माहीच आडवी रेघ. म्या ते हातात धरली.

बोहनी नव्हती.

हे सांगा लागन. हातानं पावत्या लिहत तवा मोठे शेठजी पहिली पावती लक्ष्मीच्या फोटोखालच्या खिळ्याले टांगत, दिवसभर. पहिली पावती डोळ्यापुढे राह्यली पाहिजे, तिले मिटवाचं नाही, असा त्यायचा नेम, त्यायच्या वडिलापासूनचा. या साली कम्प्युटर आला, केबिनले रंग देल्ला, खिळा गेला. मंग त्यायनं मले सांगतलं, बेटी, आता बोहनी इथीच ठेवाची, पडद्यावर. संध्याकाळी मी आल्यावरच मिटवाची, बंद कराची. मी काय करो, ते पावती उघडीच ठेवून खालच्या पट्टीत बसवो, अन् तिच्यावर बाकीच्या गाड्या घेत जाय. दादानं इचारलं होतं, काही उघडं असते का. अन् मी शपथ घेऊन नाही म्हनलं. खोटं नव्हती बोलून राह्यली मी. ते उघडं आहे असं मले कधी वाटलंच नाही. ते तं देवाच्या दिव्यासारखं होतं.

म्हंजे मीच. पंधरा दिवस लोकायले उन्हात उभं केलं, म्हाताऱ्याचं वजन घालवलं, ते मीच. अन् सांगू कोनाले? शेठले सांगू तं म्हनन, पाहा, तुमचाच हात. मोठे शेठजीले सांगू तं त्यायच्या बोहनीलेच मी खराब म्हनते असं होईन. अन् नाही सांगू तं सोमवार.

शनिवारी सकाळी मोठे शेठजी आले, उदबत्ती लावली, बोहनीले हात जोडले. मी काहीच बोलली नाही. ते गेले. आकडा वाढाले लागला. शनिवार म्हंजे गर्दी, अकरालेच हजार झाला. साडेबाराले तेराशे. फोटो अर्धा ये अन् थांबे. लाइन रोडच्या पार गेलती अन् गेटातून शेठची गाडी अंदर आली, ते उतरून सरळ केबिनकडेच येऊन राह्यले होते. पोर उठून बसली झोक्यात. म्या लक्ष्मीच्या फोटोकडे पाह्यलं बी नाही. खालच्या पट्टीतली बोहनी वर आनली, तिची प्रिंट काढली, अन् मिटवली.

आकडा एकदम पडला. तेराशे पन्नासवरून नव्वदवर.

मले वाटलं म्या सारंच पुसून टाकलं. सकाळपासूनचं सारं. घाईनं यादी उघडली, अंदर गेलेल्या सात गाड्या होत्या, सातही होत्या, सातही वजनं होते. शेठ दारात उभे.

"अडकला?"

"नाही शेठजी," मी म्हनलं, अन् पुढच्या ट्रॅक्टरले हात केला.

ते दहा मिनिट उभे राह्यले. एक गाडी, दुसरी, तिसरी. मंग गेले. म्या अकोल्याले फोन लावला.

"दादा, बोहनी होती."

"काय होती?"

म्या सारं सांगतलं. त्यानं तिकडे तसंच चालवून पाह्यलं. मंग म्हने, "ताई, मी विचारलं होतं ना, काही उघडं असतं का."

"ते उघडं नव्हतं दादा, ते बोहनी होती."

तो हासला नाही. म्हने, "चूक आमची आहे. एक पावती उघडी असली की नंतरच्या सगळ्या गाड्यांचे फोटो तिला अडकून बसतात, सुटत नाहीत. दिवसभर कोणी पावती उघडी ठेवत नाही, म्हणून आम्हाला कधी दिसलंच नाही. चार दिवसात दुरुस्त करून पाठवतो. शेठना सांगा."

"तुम्हीच सांगा ना दादा. माह्या तोंडून ते ऐकनार नाहीत."

"मी सांगतो. पण बोहनी मिटवली, हे तुम्हालाच सांगावं लागेल."

संध्याकाळी सहाले मोठे शेठजी आले. दीडशेच्या वर गाड्या झाल्या होत्या. ते रोजच्यासारखे पडद्यापुढे वाकले, खालच्या पट्टीवर नजर टाकली.

"बोहनी कुठी, बेटी?"

म्या प्रिंट काढलेली पावती त्यायच्या हातात देल्ली. दिवसभर ते म्या ब्लाउजमंदी ठेवली होती, घामानं वली झालती. "म्या मिटवली, बाबाजी. साडेबाराले." अन् मंग मी एका दमात सारं बोलली, आकडे, गुरुवार, वला कापूस, म्हातारा, अन् मधातच मले रडू आलं, म्हनून शेवटचं काय बोलली ते मलेच माहीत नाही. शेठ बी मागून आले होते. त्यायले अकोल्याचा फोन येऊन गेलता.

शेठ वडिलायकडे पाहे. मोठे शेठजी पावतीकडे पाहात.

"माह्या बोहनीनं बंद पडे," ते म्हने. इचारलं बी नाही, सांगतलं बी नाही, निस्तं म्हनलं. "अन् तू मले न इचारता मिटवली."

"हाव."

त्यायनं पावतीची घडी घातली, खिशात ठेवली, काठी घेतली अन् निघून गेले. शेठ म्हने, "सोमवारी या. मंग पाहू."

मंग पाहू. रविवारभर मी त्या दोन शब्दायले उलटून पालटून पाहे. पोरीचे कपडे धुतले, सोड्याचा डबा पार पत्र्यावर फेकून देल्ला, उगंच. तिच्या बापाचा फोन आला, त्याले काही सांगतलं नाही. झोका केबिनमंदीच राह्यला होता, तो आनाले जा लागन, एवढंच डोक्यात.

सोमवारी सातच्या आधी गेली. केबिनचं दार उघडं होतं अन् अंदरून ठोकाचा आवाज. म्या म्हनलं, बसला दुसरा मानूस. पोरीले छातीशी धरून मी बाहेरच उभी राह्यली.

मोठे शेठजी स्टुलावर उभे होते, हातात हातोडी, भिंतीचा नवा रंग खाली पडलेला. लक्ष्मीच्या फोटोच्या कितीतरी वर ते खिळा ठोकून राह्यले होते.

"बाबाजी, फोटोच्या खाली होता ना खिळा," मी दारातूनच म्हनलं.

"होता," ते म्हने, मागं न पाहता. "पन आता हे लेकरू उभं राहाले लागन. टेबलावर चढन. हात पुरू नये म्हनून वर ठोकतो. स्टूल धर, पडीन मी."

म्या पोरीले झोक्यात टाकलं अन् स्टूल धरलं.